उताऱ्यावर नाव कुणाचं?

नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईबद्दल आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो : मग ती निघून का येत नाही? शेजारी तो कुजबुजत विचारतात, पोलीस ठाण्यात तो दरडावून विचारला जातो आणि शिकल्यासवरल्या घरांत चहा पिता पिता. निघणं ही हिमतीची बाब आहे आणि या बाईकडे हिंमत कमी पडते, असं या प्रश्नात न बोलता गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात निघणं ही आधी हिशेबाची बाब आहे. दोन मुलं घेऊन रात्री बाहेर पडायचं तर पहिली रात्र कुठे काढायची, पुढच्या महिन्याचं भाडं कशातून द्यायचं, मुलांच्या शाळेचं काय करायचं, रेशनकार्ड सासऱ्याच्या नावावर असताना धान्य कुठून आणायचं, माहेरी भाऊ-भावजय किती दिवस तोंड गोड ठेवतील? या प्रश्नांची उत्तरं जिच्यापाशी नसतात ती चार दिवसांनी परत जाते. ती परत येणार हे नवऱ्यालाही आधीपासून ठाऊक असतं. मारणाऱ्या हातातलं अर्धं बळ या खात्रीतून आलेलं असतं. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की बाईला हिंसेतून सोडवू पाहणाऱ्या कोणत्याही कामाची कसोटी ही खात्री मोडण्यात आहे, आणि ती नुसत्या समुपदेशनानं मोडत नाही, तशी नुसत्या कमाईनंही मोडत नाही.

हा प्रश्न मूठभर घरांचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी कधी ना कधी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चौघींत एक असं आहे. त्याहून बोलका आकडा मदतीचा आहे. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. तीनचतुर्थांशांहून अधिक जणींनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. जिनं मागितली तिनंही बहुतेक वेळा ती माहेरच्यांकडे मागितली. पोलीस, वकील, डॉक्टर, सामाजिक संस्था यांच्या दारापर्यंत पोचलेल्या बाया अगदी थोड्या. म्हणजे मदतीची जी यंत्रणा आपण उभी केली तिच्यापुढे येणारी बाई हा अपवाद आहे. बाकीच्या साऱ्या जणी उंबरठ्याच्या आत, मनातल्या मनात तोच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत बसलेल्या आहेत.

महाराष्ट्रानं या बाबतीत काही केलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पुण्यात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला विवाहितांचे संशयास्पद मृत्यू गाजले, त्यातून १९८२ मध्ये नारी समता मंच उभा राहिला आणि विद्या बाळ यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी घराच्या चार भिंतींआडचा विषय चव्हाट्यावर आणला. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसवायची ही कल्पना तेव्हा नवी होती. पुढे राज्य सरकारनं ती स्वीकारली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महानगरपालिका आणि सेहत या संस्थेनं ‘दिलासा’ केंद्र उघडलं. जिन्यावरून पडले असं सांगत हात मोडून आलेल्या बाईला तिथं प्लास्टर घालून घरी धाडत नाहीत, तर खरं काय घडलं ते विचारणारं माणूस तिथं असतं. ही कामं मोलाची आहेत. पण त्यांची हद्द तिथल्या समुपदेशकांना सगळ्यांत चांगली कळते. बाईचं ऐकून घेता येतं, नवऱ्याला बोलावता येतं, कायद्याची वाट दाखवता येते. उद्या सकाळी ती कुठे राहील आणि काय खाईल हे मात्र केंद्राच्या हातात नसतं. म्हणून फाइलवर पुष्कळदा शेवटचा शब्द पडतो तो ‘समेट’. त्यातले किती समेट मनापासूनचे आणि किती निव्वळ नाइलाजाचे, हे फाइल सांगत नाही.

दुसरा प्रवाह रोजगाराचा, आणि तोही इथलाच. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचा लिज्जत झाला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळ चालवणाऱ्या बायांना एकत्र करून, वाण्या-सावकारांच्या उधारीतून सोडवत बँकेच्या दारात नेलं, त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. त्याच वर्षी महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन झालं. १९९७ मध्ये साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आज ‘उमेद’ हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आणि माविम यांचे बचत गट नाहीत असं गाव शोधावं लागेल. पण या दोन प्रवाहांची गाठ क्वचितच पडते. समुपदेशन केंद्रात कर्जाची भाषा नाही आणि गटाच्या बैठकीत माराची नाही. गटाच्या वहीत बचत, व्याज, परतफेड, दंड यांचे रकाने असतात. एखादी बाई सलग दोन बैठकांना का आली नाही आणि तिसऱ्या बैठकीला डोक्यावरचा पदर गालापर्यंत ओढून का बसली, यासाठी रकाना नसतो. मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेनं समुपदेशन केंद्रांबरोबर कचरावेचक बायांचं संघटन आणि रोजगार ही दोन्ही कामं हाती घेतली, अशी उदाहरणं आहेत. पण ती बोटावर मोजण्याइतकी.

हे दोन प्रवाह एकत्र का यायला हवेत, याचा सर्वांत ठोस पुरावा केरळमधला आहे. अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुमारे ५०० विवाहित स्त्रियांचा अभ्यास केला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नावावर ना जमीन ना घर, अशा स्त्रियांपैकी ४९ टक्के जणींनी लग्नानंतर दीर्घकाळ शारीरिक हिंसा सोसली होती. जिच्या नावावर फक्त जमीन होती तिथं हे प्रमाण १८ टक्के, फक्त घर होतं तिथं १० टक्के आणि दोन्ही होतं तिथं ७ टक्के. शिक्षण, वय, घरची सांपत्तिक स्थिती असे इतर घटक वेगळे काढल्यावरही हा फरक टिकून राहिला. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मार सोसणाऱ्यांपैकी मालमत्ता असलेल्या ७१ टक्के स्त्रिया घर सोडून निघाल्या. मालमत्ता नसलेल्यांपैकी निघाल्या फक्त १९ टक्के, आणि निघून पुन्हा परतलेल्यांत बहुसंख्य त्याच होत्या. शंकेखोर वाचक म्हणेल की हा एका जिल्ह्याचा अभ्यास आहे, तोही स्त्रियांना मालमत्ता देण्याची जुनी रीत असलेल्या केरळमधला. कदाचित जी माहेरं मुलीला घर देतात ती जावईही पारखून घेत असतील. शंका रास्त आहे, एका पाहणीनं कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण आकड्यांमागचा तर्क कुठल्याही वाडीवस्तीवर समजण्यासारखा आहे. घर बाईच्या नावावर असलं की भांडणात ‘चालती हो’ हे वाक्य नवऱ्याला उच्चारता येत नाही. बाहेर जायची वाट असलेल्या बाईला बऱ्याचदा ती वापरावीही लागत नाही. ती वाट आहे एवढं समोरच्याला माहीत असणं पुरतं.

इथं कुणी म्हणेल की मग बायकांना कमावतं करा, खात्यात पैसे टाका, प्रश्न सुटला. गेल्या दहा वर्षांचा अनुभव असा सरळ नाही. स्वतः वापरत असलेलं बँक खातं असलेल्या स्त्रियांचं प्रमाण चौथ्या राष्ट्रीय पाहणीत ५३ टक्के होतं, ते पाचव्या पाहणीत जवळपास ७९ टक्क्यांवर गेलं. एवढी मोठी उडी. त्याच काळात नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेचा आकडा ३१ वरून २९ वर आला, म्हणजे जवळजवळ जागचा हललाच नाही. बंगळुरूच्या गरीब वस्त्यांत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर उलटंच दिसलं. आधी काम न करणारी बाई नव्यानं कमावू लागली की तिच्यावर हिंसा होण्याची शक्यता, घरीच राहिलेल्या बाईच्या तुलनेत, बरीच वाढली होती. नवऱ्याला काम मिळेनासं झालं तेव्हाही ती वाढत होती. बांगलादेशातल्या सूक्ष्मकर्जांबद्दल ॲन मारी गोएट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी १९९६ मध्येच दाखवून दिलं होतं की बाईच्या नावानं निघालेल्या निम्म्याहून अधिक कर्जांवर तिचा ताबा अर्धवट, नाममात्र किंवा मुळीच नव्हता. सही तिची, पैसा नवऱ्याचा आणि हप्ता पुन्हा तिच्याच माथी. आपल्याकडच्या बचत गटांत वावरलेल्या कुणालाही हे चित्र परकं वाटणार नाही. हप्त्याचा दिवस जवळ आला की घरातला ताण वाढतो आणि तो कुणाच्या अंगावर उतरतो हेही ठाऊक असतं.

मग पैसा उपयोगाचाच नाही असा निष्कर्ष काढायचा का? नाही. पैशाबरोबर काय येतं यावर सारं ठरतं. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात २००१ पासून चाललेला प्रयोग या दृष्टीनं बघण्यासारखा आहे. तिथं गरीब खेड्यांतल्या बायांच्या कर्जगटांच्या बैठकींनाच जोडून हिंसा, लैंगिक आरोग्य, घरातले निर्णय यांवर वर्षभर पद्धतशीर चर्चा घेतल्या गेल्या, आणि पुढच्या टप्प्यात बायांनी तोच विषय गावातल्या पुरुषांपर्यंत आणि तरुणांपर्यंत नेला. दोन वर्षांत या बायांवरची जोडीदाराची हिंसा निम्म्याहून कमी झाली. हे निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. संशोधकांनी नंतर नुसतं कर्ज मिळालेल्या गावांशी तुलना केली तेव्हा दिसलं की त्या गावांतही बायांची आर्थिक स्थिती सुधारली होती, पण हिंसा कमी झाली नव्हती. एकाच संस्थेचं कर्ज, तशीच गावं. फरक होता तो बैठकीत बोलल्या जाणाऱ्या विषयाचा आणि त्यातून बाईच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या दहा-वीस जणींचा. एकट्या कमावत्या बाईला घरात वेगळं पाडता येतं. जिच्या दारात गटाच्या साऱ्या जणी उद्या सकाळी उभ्या राहतील तिला हात लावण्याआधी विचार करावा लागतो.

बायांना हे शिकवावं लागत नाही, त्यांचं ऐकावं मात्र लागतं. माणदेशी बँकेला पहिल्यांदा परवाना नाकारला गेला तो प्रवर्तक बाया निरक्षर आहेत, अंगठा उठवतात, या कारणानं. बाया नेटानं शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेपुढे गेल्या, व्याजाचा तोंडी हिशेब करून दाखवला आणि परवाना मिळवला. पुढे डिजिटल व्यवहार आले तेव्हा बँकेनं त्यांच्यापुढे पिन क्रमांकाचा पर्याय ठेवला. बायांना तो पसंत पडला नाही. पिन कुणीही आपल्याकडून काढून घेईल आणि कष्टाचा पैसा उचलेल, अंगठा मात्र कुणाला चोरता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या अंगठ्यापायी परवाना अडला होता तोच त्यांनी कुलूप म्हणून मागितला. आर्थिक स्वावलंबन या भल्यामोठ्या शब्दाचा अर्थ एवढ्यात सामावला आहे : पैसा किती आहे यापेक्षा तो कुणाला काढता येतो. ‘लाडकी बहीण’ योजनेतून २०२४ पासून महिन्याला मिळू लागलेल्या १५०० रुपयांनाही हीच कसोटी लावायला हवी. त्या रकमेनं घरभाडं भागत नाही हे खरं, पण स्वतःच्या खात्यात नियमानं येणारा पैसा क्षुल्लकही नसतो. मोबाइल आणि एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं, हा खरा प्रश्न आहे.

मालमत्तेची वाट तर महाराष्ट्रानं फार पूर्वी चोखाळून अर्ध्यावर सोडली आहे. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं प्रचंड महिला अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली : घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या. ज्या गावात शंभर शेतकरी असं करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. नवरा हयात असतानाच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय सरकारनं १९९२ मध्ये केली. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली. नवऱ्यानं टाकलेल्या बायांनी पुढे येऊन आपण कुणाच्या दयेच्या नव्हे तर हक्काच्या मानकरी आहोत असं सांगितलं. स्वतंत्र रेशनकार्ड ही या चळवळीची मागणी वरवर किरकोळ दिसते, पण सरकारदरबारी बाई हे वेगळं कुटुंब असू शकतं हे मान्य करून घेण्याचा तो मुद्दा होता. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती राज्यानं १९९४ मध्ये केली, देशानं २००५ मध्ये. ग्रामीण भागात घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावण्याचा ‘घर दोघांचं’ निर्णय २००३ चा. २०२१ पासून बाईच्या नावानं घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. इतकं सगळं कागदावर असूनही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खातेदारांमध्ये स्त्रिया होत्या साधारण १४ टक्के, आणि त्यातल्या कित्येक विधवा झाल्यावरच खातेदार झालेल्या. हक्क आला आणि लगेच हक्कसोडपत्रही आलं. भावाच्या राखीपोटी बहिणीनं सही करून द्यायची ही रीत कायद्यापेक्षा बळकट निघाली.

कायदा निवाऱ्याचा हक्क देतोच की, असंही कुणी म्हणेल. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा, लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये. सामायिक घरात राहण्याचा हक्क ही त्याची सर्वांत मोठी देणगी आहे. पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सासूच्या नावावरचं घर हे सामायिक घर नव्हे असा निकाल दिला. ती चूक त्याच न्यायालयानं दुरुस्त केली २०२० मध्ये. मधल्या १४ वर्षांत ज्या सुना त्या एका वाक्यावर बाहेर काढल्या गेल्या त्यांचं काय झालं, हे कुठल्याही निकालात नोंदलेलं नाही. शिवाय राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. पण संरक्षण अधिकाऱ्याकडे आधीच चार कामं असतात, तारखांवर तारखा पडतात आणि पोटगीचा आदेश निघाला तरी वसुली वेगळी लढावी लागते. ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमधला आसरा काही दिवसांचा असतो. कायदा बाईला दारापर्यंत नेतो. दारापलीकडे पाय टेकायला जागा लागते, ती कायद्याच्या कलमात नाही.

आता सर्वांत जुन्या आक्षेपाकडे येऊ : अशानं घरं मोडतील. या आक्षेपाला टर उडवून उत्तर देऊ नये, कारण तो मनापासून घेणारी माणसं आहेत आणि त्यांत बायाही आहेत. पण त्यांनी एक विचार करावा. बाईला जायला दुसरी जागा नाही केवळ म्हणून जे घर टिकलं आहे, ते टिकलं असं म्हणायचं की कोंडलं असं? आणि जिथं प्रेम, मुलांची ओढ, सवय, सुखदुःखाची सोबत यांनी संसार बांधलेला आहे तिथं बायकोच्या नावावर अर्धं घर झाल्यानं तो कसा सुटेल? दुसरा आक्षेप असा की श्रीमंत, कमावत्या, बंगल्यात राहणाऱ्या बायाही मार खातात. खातात. म्हणूनच कमाई आणि मालकी यांत फरक करायचा. बंगला तिच्या नावावर असतो असं नाही, आणि असला तरी बोलायला तिच्या भोवती कुणी असतं असंही नाही. बचत गटातल्या बाईला निदान दर महिन्याची बैठक असते, सोसायटीतल्या बाईला बंद दार. तिसरा आक्षेप कायद्याच्या गैरवापराचा. खोट्या तक्रारी होतातच, आणि त्यांची शहानिशा न्यायालयात व्हावी. पण मदत न मागता गप्प राहणाऱ्या तीनचतुर्थांश बाया डोळ्यांपुढे ठेवल्या तर या व्यवस्थेचा मोठा दोष कोणता, हे वेगळं सांगायला नको. मालमत्तेच्या वाटेचा एक फायदाही इथं लक्षात घ्यावा : जिच्यापाशी स्वतःचा आधार आहे तिला दर भांडणात पोलीस ठाणं गाठावं लागत नाही.

पुरुषांची मनं बदलल्याशिवाय हे सारं वरवरचं, असं म्हणणाऱ्यांचं अर्धं म्हणणं मान्य आहे. लिम्पोपोतही विषय पुरुषांपर्यंत नेला गेला होता. पण मनं बदलण्याची वाट बघत बाईनं किती वर्षं थांबायचं, याला मुदत नाही. उताऱ्यावर नाव चढवायला मात्र मुदत ठरवता येते. आणि अनुभव असा की नाव चढलं की मनंही हलू लागतात. माणसं आधी व्यवहार बदलतात, मग विचार.

तेव्हा करायचं काय? नवी योजना काढण्यापेक्षा आहे ते जोडावं. केरळच्या ‘कुटुंबश्री’नं बचत गटांच्या जाळ्यातच ‘स्नेहिता’ नावाची मदतकेंद्रं २०१३ पासून उभी केली. कर्ज मागायला येणारी बाई त्याच घडणीत माराबद्दलही बोलू शकते. आपल्याकडे बचत गटांचे ग्रामसंघ आहेत, प्रभागसंघ आहेत, गावातच राहणाऱ्या आणि दर घराची खबर असणाऱ्या प्रशिक्षित बाया आहेत. त्यांना विशेष कक्षाच्या समुपदेशकाशी थेट जोडावं. ग्रामसंघाच्या निधीतला काही भाग तातडीची मदत म्हणून राखावा : एसटीचं भाडं, पहिल्या महिन्याची खोली, मुलांच्या वह्या. हिंसेतून बाहेर पडलेल्या बाईचा हप्ता काही महिने थांबवण्याची तरतूद गटाच्या नियमांतच असावी, नाहीतर थकबाकीदार म्हणून तिचे शेवटचे सोबतीही तुटतात. घरकुल मंजूर होताना दोघांचं नाव अर्जाच्या दिवशीच लागावं. आणि माविम असो वा उमेद, वार्षिक अहवालात किती कोटी कर्ज वाटलं याच्या शेजारी एक आकडा आणखी छापावा : गटांतल्या किती बायांच्या नावावर घर किंवा जमीन आहे. जे मोजलं जात नाही ते सुधारलंही जात नाही.

हा अंक ज्या घरात वाचला जातो आहे तिथं बहुधा मारहाण नाही, निदान नसावी. तरीही एक विनंती आहे. येत्या सुटीत घराची कागदपत्रं काढून बघा. गावात ग्रामपंचायतीचा घराचा उतारा आणि सातबारा, शहरात सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि करारनामा. त्यावर बायकोचं नाव आहे का, आणि मुलीचं लग्न करून देताना जे देणार आहात त्यात तिच्या नावावर स्थावर असं काही आहे का, एवढं तपासा. नसेल तर तलाठी कार्यालय किंवा सोसायटीची कचेरी सुटीनंतर उघडतेच.